दुबईची गाडी नागपुरात, दिल्लीची गाडी सावनेरात

विदर्भात मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले आमचे सल्लागार या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी आलेल्या पत्रांत बाहेरून आणायच्या जुन्या गाड्यांचे प्रश्न जास्त होते, म्हणून तेच एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: साहेब, माझा मुलगा बरीच वर्षं दुबईत नोकरीला आहे. दिवाळीनंतर तो बायकोमुलांसह कायमचा नागपूरला परत येतोय. त्याची एसयूव्ही अडीच वर्षांची आहे, सगळी सर्व्हिसिंग कंपनीच्याच सेंटरला झालेली. गाडीवर त्याचा फार जीव आहे. इथला एक एजंट म्हणतो, "गाडी अजनीच्या कंटेनर डेपोत उतरवू, फिटनेसचा कागद तिकडूनच आणू, पासिंगचं माझ्यावर सोडा." स्टिअरिंग डावीकडे आहे, पण त्यालाही कायद्यात परवानगी आहे म्हणतो; त्याने मला कलमसुद्धा दाखवलं. पुढे जावं का?
(एक निवृत्त शिक्षक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर: गुरुजी, पुढे जाऊ नका. आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका, दिली असेल तर आजच परत मागा.

आधी कलमाचं सांगतो, कारण ते दाखवूनच लोकांना भुलवतात. एजंटने तुम्हाला मोटार वाहन कायद्याचं कलम 120 दाखवलं असणार. डाव्या स्टिअरिंगची गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची असेल तर तिला चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेवर चालणारं इशारा देण्याचं साधन हवं, एवढंच ते कलम म्हणतं. ते गाडी चालवण्याबद्दल आहे. वापरलेली गाडी देशात आणायची की नाही हे ठरतं आयात धोरणावर, आणि ते डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय ठरवतं. तिथे अट स्पष्ट आहे: दुचाकी-तीनचाकी सोडून वापरलेल्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडेच हवं. परदेशी वकिलातींसारखे अपवाद वेगळे, ते तुमच्या मुलाला लागू नाहीत. दुबईत रहदारी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, म्हणून तिकडची गाडी डाव्या स्टिअरिंगची. मुलाची गाडी कितीही उत्तम ठेवलेली असली तरी ती या पहिल्याच अटीत अडकते.

"इथे आणून स्टिअरिंग बदलून घेऊ" असंही कोणीतरी सुचवेल. अटी पाहिल्या जातात त्या गाडी कस्टम्समधून सुटण्याआधी, त्यामुळे नंतरच्या बदलाचा काही उपयोग नाही. आणि एक तपासणारा माणूस म्हणून सांगतो, स्टिअरिंगचा रॅक, पेडल, डॅशबोर्ड, एअरबॅग, ब्रेकचा बूस्टर हे सगळं उचलून दुसऱ्या बाजूला बसवलेल्या गाडीत मी माझ्या नातवंडांना बसवणार नाही.

याच अटींमध्ये एक अट आहे तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. हेडलाइटचा प्रकाश डाव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीला साजेसा हवा. रात्री तुमची इथली कोणतीही गाडी कंपाउंडच्या भिंतीपासून थोडी लांब उभी करा आणि डिपर लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड दिसेल. उजव्या अर्ध्या भागात ती सरळ आडवी असते आणि डावीकडे गेली की तिरपी वर चढते. डावीकडचा रस्त्याचा काठ, तिथली सायकल, बैलगाडी, पायी चालणारा माणूस दिसावा म्हणून ती तशी चढवलेली असते, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून उजवीकडे खाली ठेवलेली. दुबईच्या गाडीत हे नेमकं उलट असतं. ती गाडी अमरावती रोडवर रात्री डिपरवर चालली तरी समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत उजेड जाणार. आपल्या चालकाला मात्र सगळं ठीक दिसत राहतं, म्हणून तो कधी दुरुस्त करायला जात नाही.

आता वय. वापरलेली गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. उत्पादनाच्या तारखेपासून, पहिल्या नोंदणीपासून नाही. शोरूममध्ये सात-आठ महिने उभी राहिलेली गाडी कागदावर अडीच वर्षांची आणि नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या पुढची निघते. आखाती देशांतल्या गाड्यांना दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावर उत्पादनाचा महिना लिहिलेला असतो. खरं उत्तर तिथे मिळतं. अजनी डेपोचं तर विसराच. वापरलेली गाडी फक्त मुंबईच्या बंदरातूनच आणता येते.

"फिटनेसचा कागद तिकडूनच" हे अर्धं खरं आहे. जहाजावर चढवण्याआधीचं तपासणी प्रमाणपत्र लागतंच, आणि आल्यापासून पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य राहील, त्या काळात तिची सर्व्हिस इथे मिळेल, अशी हमीही आयात करणाऱ्याला द्यावी लागते. पण त्या कागदावर गाडी सुटत नाही. बंदरात उतरल्यावर ती पुन्हा तपासणीला द्यावी लागते, पुण्याच्या एआरएआयकडे किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईकडे. एआरएआय म्हणजे कोथरूडच्या टेकडीवरची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई संरक्षण खात्याची. ट्रॅक्टर असेल तर मध्य प्रदेशातलं बुदनी. गाडी आपल्या 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत बसते की नाही हे त्यांनी सांगायचं. कंपनीच्या सेंटरमधली सर्व्हिसिंगची वही त्यांच्या दृष्टीने शून्य. वही खोटी असते असं नाही, पण ती इंजिनचं तेल कधी बदललं ते सांगते, गाडी आपल्या नियमांत बसते का ते सांगत नाही.

हे सगळं जमलं असतं तरी आयातीचे सगळे कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात. एजंटने हा आकडा तुमच्यासमोर मांडला का, हे त्याला विचारा.

कोणी कार्नेचा मार्ग सांगितला तर तेही समजून घ्या. कार्ने हा तात्पुरत्या आयातीचा कागद आहे; त्यावर परदेशी नंबरची गाडी प्रवासासाठी सहा महिन्यांपुरती आणता येते आणि परत न्यावीच लागते. तिची इथे नोंदणी होत नाही, ती विकता येत नाही. जगप्रवासाला निघालेल्या माणसासाठी ती सोय आहे, कायमच्या मुक्कामासाठी नाही.

मुलाला सांगा, गाडी तिकडेच विक. कंपनीच्या सर्व्हिसिंगची पूर्ण वही असलेल्या गाडीला तिथल्या बाजारात चांगली किंमत येते. त्या पैशांत इथे घ्यायची ती नवी घे. जीव जडला आहे हे मला कळतं, पण बंदरात पडून राहिलेल्या गाडीचं दिवसागणिक वाढणारं भाडं भरताना तो जीव आणखी तुटतो.

प्रश्न: मी रस्त्यांची कंत्राटं घेतो. मला एक जुनी लँड क्रूझर दाखवली आहे, नंबर हिमाचलचा. विकणारा म्हणतो, भूतानमधून लिलावात घेऊन रस्त्याने आणली, आता आरसी भारताची आहे, काही अडचण नाही. किंमत फारच कमी आहे. घ्यावी का?
(एक वाचक, वर्धमाननगर)

उत्तर: नाही. आधीच्या उत्तरात सांगितलं तसं, वापरलेली गाडी आयात करायचा एकच दरवाजा आहे, मुंबईचं बंदर. भूतानच्या सीमेवरून रस्त्याने येऊन इथे कायमची राहिलेल्या जुन्या गाडीला कायदेशीर आयातीचा कागद असूच शकत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये केरळात कस्टम्सने "ऑपरेशन नुमखोर" नावाने मोठी कारवाई केली ती नेमक्या अशाच गाड्यांवर. भूतानमार्गे आलेल्या गाड्या खोट्या कागदांवर वेगवेगळ्या राज्यांत नोंदवल्या, हा त्यातला मुख्य आरोप. जप्त झालेल्या गाड्यांत विकत घेणाऱ्यांच्या अंगणातल्याही होत्या.

आरसी खरी असली तरी तिने चोरीची आयात धुऊन निघत नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 111 खाली जप्ती होते ती मालाची. तो आज कोणाच्या ताब्यात आहे याने फरक पडत नाही. विकणाऱ्याकडे दोन कागद मागा: कस्टम्सची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या नोंदीचा कागद, आणि एआरएआय किंवा व्हीआरडीईचं प्रमाणपत्र. दोन्ही त्याच गाडीच्या चेसिस नंबरचे हवेत. तो विषय बदलेल, तेव्हा तुम्ही चहा संपवून उठा.

प्रश्न: काका, माझी मुलगी डब्लिनला नर्स आहे. तिला इंग्लंडमधून सहा वर्षांची गाडी स्वस्त मिळते आहे. तिकडची एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य आहे का ते बघणारी चाचणी, नुकतीच पास झालेली आहे. आयर्लंडमध्ये ती चालेल का? आणि पुढेमागे ती परत आली तर गाडी आणता येईल का? स्टिअरिंग तर उजवीकडेच आहे.
(एक आई, धरमपेठ)

उत्तर: ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: नाही. सहा वर्षांची गाडी आपल्या तीन वर्षांच्या अटीत बसत नाही. शिवाय इंग्लंडच्या गाडीचा स्पीडोमीटर मैलांत असतो आणि आपली अट किलोमीटरची आहे.

आता डब्लिनचं. इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी करावी लागते. आयर्लंडची चाचणी वेगळी, तिला एनसीटी म्हणतात. ती चार वर्षांनंतर सुरू होते, दहा वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दर वर्षी. म्हणजे सहा वर्षांच्या गाडीला ती लागू आहे. युरोपीय संघात 2014 च्या 45 क्रमांकाच्या निर्देशाने ठरलं आहे की एका सदस्य देशाचं वैध चाचणी प्रमाणपत्र दुसऱ्याने नोंदणीच्या वेळी मान्य करावं, अर्थात स्वतःच्या देशातल्या मुदतीत ते बसत असेल तर. ब्रिटन आता संघाबाहेर आहे, म्हणून त्या नियमाचा आधार एमओटीला नाही. मुलीने एनसीटीचा खर्च धरूनच भाव करावा.

इथे आणखी एक घोटाळा होतो. गाडी आयर्लंडमध्ये आणल्यावर सात दिवसांत व्हीआरटी नावाच्या नोंदणी कराच्या तपासणीची वेळ घ्यावी लागते आणि तीस दिवसांत सगळं पूर्ण करावं लागतं. ही तपासणी एनसीटीच्याच केंद्रात होते, म्हणून लोकांना वाटतं की गाडी पास झाली. तिथे बघतात ते गाडीची ओळख, मॉडेल, चाललेलं अंतर, म्हणजे कर ठरवायला लागतं तेवढं. ब्रेकला कोणी हात लावत नाही. त्यावर इंग्लंडहून येणाऱ्या गाडीला 2021 पासून व्हॅटचाही प्रश्न आहे, 23 टक्के. हे सगळं मिळवून बघितलं तर "स्वस्त" गाडी डब्लिनमधल्याच गाडीइतकी पडते. मुलीला म्हणावं, तिथलीच घे, एनसीटीची मुदत शिल्लक असलेली.

प्रश्न: साहेब, माझी शेती सावनेर तालुक्यात आहे. वाडीच्या एका गाडीवाल्याकडे दिल्ली पासिंगची 2014 ची डिझेल एसयूव्ही आहे. गाडी दिसायला साजरी, आणि इथल्या भावापेक्षा लाख-दीड लाखाने कमी. तो म्हणतो दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल बंद, म्हणून मालक पडेल भावात विकतो. एनओसी आहे म्हणतो. भाऊ म्हणते घेऊन टाक, बायको म्हणते नको. इथे फिटनेस परत करावं लागते का, आणि काय पाहून घ्यावं?
(एक शेतकरी, केळवद)

उत्तर: भाऊ, हे पत्र सगळ्यात महत्त्वाचं, कारण दुबईची गाडी आणणारे थोडे आणि दिल्लीची घेणारे आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत. ही गाडी कायदेशीरपणे घेता येते. पण गाडीवाल्याने सांगितलेली गोष्ट जुनी आहे.

दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं, हे 2015 मध्ये हरित न्यायाधिकरणाने ठरवलं आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केलं. मात्र ऑगस्ट 2025 मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयामुळे कारवाई करू नका असं सांगितलं, आणि डिसेंबरमध्ये ती सवलत प्रदूषणाच्या बीएस-4 आणि त्यापुढच्या मानकांच्या गाड्यांपुरती ठेवली. दिल्लीत 2010 पासूनच बीएस-4 लागू होतं, तेव्हा 2014 ची दिल्लीची गाडी बीएस-4 असणार. म्हणजे मालकावर पडेल भावात विकण्याची सक्ती उरलेली नाही. तरी स्वस्त मिळत असेल तर कारण गाडीत शोधा.

फिटनेसचं असं आहे. खासगी गाडीला टॅक्सी-ट्रकसारखं वेगळं फिटनेस नसतं. पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षं आरसी चालते, आणि नवीन नंबर मिळाला म्हणून ते घड्याळ मागे जात नाही. तुमची गाडी 2029 मध्ये पंधरा वर्षांची होईल. तेव्हा फॉर्म 25 भरायचा, गाडी निरीक्षकाला दाखवायची, पाच हजार फी, वर पर्यावरण कर. मग पुढची पाच वर्षं. हा खर्च आजच हिशेबात धरा.

त्याआधी, म्हणजे आत्ता, एमएच-40 चा नंबर घेताना गाडी नागपूर ग्रामीणच्या निरीक्षकासमोर न्यावीच लागते. तो सगळ्यात आधी चेसिस नंबर बघतो. तुम्हीही तेच करा, पैसे देण्याआधी. नंबर ठोकलेली जागा फडक्याने पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा. आकडे कागदावर उठतात. कारखान्यात ठोकलेले आकडे एका रांगेत, सारख्या अंतरावर आणि सारख्या खोलीचे उठतात. एखादा आकडा वर-खाली असेल, दोन आकड्यांमधलं अंतर अचानक वाढलं असेल, किंवा आजूबाजूचा पत्रा घासून नव्याने रंगवलेला दिसत असेल, तर गाडी सोडा. हा कागद मग आरसीशी आणि एनओसीशी अक्षर न अक्षर जुळवा.

"एनओसी आहे" यावर थांबू नका, हातात घ्या. तो फॉर्म 28 असतो आणि त्यावर कोणत्या आरटीओसाठी दिला आहे ते लिहिलेलं असतं. तुमच्यासाठी तिथे नागपूर ग्रामीणच हवं. दुसऱ्याच शहराच्या नावाचा फॉर्म घेऊन लोक येतात आणि मग दिल्लीच्या खेपा सुरू होतात. कर्ज असलेली गाडी असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म 35. चालान बाकी आहेत का ते ऑनलाइन गाडीच्या नंबरवर दिसतं.

गाडी स्वतः कशी बघायची? टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे वाचा: 2318 असेल तर तो 2018 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही नवी दिसली तरी असा टायर आपल्या मे महिन्यात, डांबर वितळत असताना, भरधाव वेगात फुटतो. मी असे अपघात पंचनाम्याला जाऊन पाहिले आहेत, म्हणून हात जोडून सांगतो, टायर बघा. मग धूर. पीयूसी स्वतःच्या डोळ्यांसमोर काढून घ्या. बीएस-4 डिझेलला धुराची मर्यादा 1.62 आहे, त्याआधीच्या गाड्यांना 2.45 होती. आकडा काठावर असेल तर इंजेक्टर किंवा टर्बोचा खर्च दारात उभा आहे. ब्रेक मोकळ्या रस्त्यावर, स्टिअरिंग हलकं धरून दाबा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर मेकॅनिकला आधी विचारा आणि नंतर भाव करा.

भावाचं शेवटी ठरवा, कारण कर अजून बाकी आहे. महाराष्ट्रात एकरकमी कर भरावा लागतो. डिझेलचा दर दहा लाखांपर्यंतच्या गाडीला 13 टक्के, वीसपर्यंत 14, त्यावर 15. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो. नेमकी रक्कम आरटीओतून काढून आणा. दिल्लीत भरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज जुन्या मालकाने करायचा असतो, तेव्हा तो पैसा कोणाचा हे सौद्यातच बोलून घ्या. हे सगळं मिळवल्यावर लाख-दीड लाखाचा फरक किती उरतो ते कागदावर मांडा आणि तो कागद घरी दाखवा. वहिनींची शंका रास्त आहे.

घ्यायचंच ठरलं तर तारखा सांभाळा. बाहेरच्या राज्याच्या नंबरवर गाडी बारा महिने ठेवता येते हे खरं, पण ती सवलत नंबर बदलण्यापुरती आहे. मालकी तुमच्या नावावर करायचा अर्ज खरेदीपासून तीस दिवसांत द्यायचा असतो. विमा कंपनीकडे चौदा दिवसांत. चौदा दिवस उलटले तरी तिऱ्हाइताची भरपाई पॉलिसीतून होते, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जुन्या मालकाच्या नावावर अडकतो. वाडीच्या गाडीवाल्याने "सहा महिने माझ्याच नावावर चालवा" असं सुचवलं तर त्याच्याकडून गाडी घेऊ नका.